सुपडूनाना आणि एका पानाचं कार्ड

धुळ्याला आग्रा रोडच्या एका बोळात माझी छोटी प्रेस होती. लग्नाच्या पत्रिका, दुकानाच्या उद्घाटनाची पत्रकं, पावतीपुस्तकं, काय येईल ते आम्ही छापायचो. पत्रिकावाला एकदा येतो, नावात चूक निघाली तर भांडायला दुसऱ्यांदा येतो, आणि मग पोराचं बारसं होईपर्यंत तोंड दाखवत नाही. एकच कागद पुन्हा पुन्हा छापून घेणारं, आणि दर खेपेला त्यातला मजकूर कमी करून नेणारं गिऱ्हाईक मला उभ्या आयुष्यात एकच भेटलं. ते म्हणजे सुपडूनाना. मजकूर कमी करणं हे छापखानेवाल्याच्या पोटावर पाय देणंच आहे, तरी नाना दारात दिसले की मी हातातलं काम ठेवायचो आणि चहा सांगायचो.

नानांची सगळी नोकरी बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत गेली होती. उंच, काटक, डोक्यावर पांढरी टोपी, आणि आवाज असा की लाऊडस्पीकर बंद पडला तरी शिरपूरची गाडी लागल्याचं रस्त्यापलीकडच्या पानवाल्याला कळायचं. निवृत्त झाल्यावरही तो आवाज काही निवृत्त झाला नाही. प्रेसमध्ये शिरले की "काय प्रेसवाले, जिवंत?" असं विचारायचे आणि शेजारचा शिंपी दचकून बाहेर यायचा.

त्या खिडकीनं नानांना एक गोष्ट शिकवली होती आणि ती ते ऊठसूट सांगायचे. "माणूस माझ्यासमोर येऊन विचारायचा, साक्रीची गाडी कधी आहे? वर हा मोठा बोर्ड टांगलेला. त्याला वाचता येत नव्हतं का? येत होतं. पण बोर्डावर चाळीस गावं, आणि त्याला बिचाऱ्याला एकाच गावाला जायचं." मग टोपी काढून डोकं खाजवायचे. हे मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे त्यांच्याआधी मीच वाक्य पूर्ण करायचो. त्याचा त्यांना राग यायचा.

निवृत्तीनंतर त्यांनी माझ्या प्रेसपासून जवळच, आग्रा रोडवर, एका नातेवाइकाचं चालतं हॉटेल घेतलं. टेबलं, भांडी, हिरामण नावाचा मुरलेला वेटर आणि एक मेनूकार्ड, एवढं सगळं त्याच्याबरोबर आलं. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलाला तेव्हा वाटायचं की आपलं कार्ड पंचांगाएवढं जाड पाहिजे. नानांच्या कार्डातही पनीरच्या भाज्यांचं एक अख्खं पान होतं, आणि भटारखान्यात पनीर कधी कोणी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक बोट ठेवायचं, हिरामण "ते संपलं" म्हणायचा. दुसरीकडे बोट ठेवलं की "तेही संपलं." शेवटी गिऱ्हाईक वैतागून शेवभाजी सांगायचं. ती कधीच संपलेली नसायची.

हॉटेल घेतल्यावर थोड्याच दिवसांत साक्रीकडचं एक कुटुंब बाजार करून जेवायला आलं. मी तिथेच चहा पीत होतो. सासरे, सासू, दोन मुलगे, दोन सुना, पोरंबाळं. हिरामणनं कार्ड सासऱ्यांपुढे ठेवलं. त्यांनी ते न उघडता मुलाकडे सरकवलं, मुलानं आईकडे, आईनं सुनेकडे. जो तो म्हणायचा, "काही बी चाली." काहीही चालेल. गरम तव्याला कोणी हात लावेना तसं ते कार्ड टेबलाभर फिरून पुन्हा सासऱ्यांपुढे आलं. सासरे म्हणाले, "शेवभाजी आना. बठ्ठासले." सगळ्यांना शेवभाजी आली, सगळ्यांनी मुकाट खाल्ली. धाकटी सून मात्र शेजारच्या टेबलावरच्या भरीत-पुरीकडे पाहत घास गिळत होती. नानांनी ते पाहिलं आणि मी नानांना पाहताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रेसमध्ये आले ते नेहमीची हाक न मारताच. स्टुलावर बसले. म्हणाले, "काल घरी गेल्यावर मी आमच्या बाईला विचारलं, तुले काय आवडस? ती म्हणाली, तुमले आवडस ते. मी म्हटलं, तसं नही, तुले काय आवडस? ती म्हणते, माले काय, काही बी चाली." टोपी काढून मांडीवर ठेवली. "इतकी वर्षं संसार झाला, प्रेसवाले. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते ते मला झोपेत विचारा. पण बायकोला काय आवडतं ते मला माहीत नाही."

इंदूअक्का, त्यांची बायको, भडगावकडची. बारीक चणीची, हसरी, कामाला वाघ. दुपारी हॉटेलात येऊन ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ स्वतः मळून द्यायची आणि सगळ्यांचं झाल्यावर कढईत जे उरलं असेल ते उभ्याउभ्या खाऊन घरी जायची. तिच्या तोंडून तक्रार कोणी ऐकली नव्हती. नानांनी एकदा तिची परीक्षाच घेतली. आचाऱ्याला सांगून बिनमिठाची दाळ तिच्यापुढे ठेवली आणि खांबाआडून पाहत राहिले. अक्कानं ती भाकरीबरोबर निपटून खाल्ली. "कशी शे दाळ?" नानांनी विचारलं. "चांगली शे," अक्का म्हणाली आणि ताट धुवायला गेली. नाना मला हे सांगताना हसत होते, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

"हिनं एकदा तरी मला सांगितलं पाहिजे, मला अमुक हवं," ते म्हणाले. त्या दिवसापासून नानांना त्याचाच ध्यास लागला. गिऱ्हाइकांना सोपं जावं म्हणून ते कार्ड सुधारायचे हे खरंच, पण प्रत्येक नवं कार्ड आधी घरी जायचं आणि अक्काच्या हातात दिलं जायचं. अक्का ते उलटसुलट पाहून म्हणायची, "अक्षर चांगलं शे." नाना कार्ड घेऊन परत माझ्याकडे.

पहिल्या झटक्यात नानांनी आठ पानांचं एक पान केलं. जे चुलीवर शिजतं तेच कागदावर. मग त्यांनी मला जी मांडणी सांगितली ती ऐकून मी अक्षरांचे खिळे जुळवायचे थांबलो. भाज्या, रोट्या, भात असे भाग नकोत म्हणाले. "माणूस हॉटेलात शिरतो तेव्हा त्याच्या डोक्यात भाजी नसते, त्याची अडचण असते. ती लिहा." आणि त्यांनी मथळे सांगितले: गाडी पकडायची आहे. सावकाश जेवायचं आहे. घरची मंडळी बरोबर आहेत. गाडी पकडायची असेल त्याच्यासाठी खाली दोनच पदार्थ, जे तयार असतात ते. मी म्हटलं, "नाना, हे मेनूकार्ड आहे की चौकशीची खिडकी?" ते म्हणाले, "तेच तर."

लोकांना ते आवडलं. ट्रकवाले, कोर्टात तारखेला आलेले, दवाखान्यात पेशंटला भेटायला आलेले, सगळे मथळा वाचून हसायचे आणि चटकन सांगून मोकळे व्हायचे. हिरामणचं "संपलं" बंद झालं. काही दिवस त्याला चुकल्यासारखं व्हायचं.

पण नाना चुकलेही, आणि चुकले ते असे की खानदेशी माणसानंच चुकावं. कार्डावर चौथा मथळा त्यांनी हौसेनं घातला होता: ज्यांना तिखट चालत नाही. खाली वरण-भात, कढी-खिचडी, दहीभात. नानांना वाटलं, पोटाच्या दुखण्यानं बेजार झालेली कितीतरी माणसं दुवा देतील. महिना गेला, एकानंही त्या मथळ्याखालचं काही मागितलं नाही. एक सद्गृहस्थ तर खिशातून पोटाच्या गोळ्या काढून टेबलावर ठेवून बसले होते. हिरामणनं भाबडेपणानं त्या ओळीवर बोट ठेवलं. गृहस्थ उसळले, "आम्ही काय आजारी शेतस का?" आणि शेवभाजी मागवून घाम पुसत, नाक पुसत, गोळी गिळत त्यांनी ती संपवली. आमच्याकडे माणूस एकवेळ कर्ज आहे म्हणून सांगेल, पण तिखट सोसत नाही म्हणून सांगणार नाही.

नानांनी मथळा बदलून आणला: लहान मुलांसाठी. झालं, आता मिशीवाले बाप्ये एकेकटे येऊन "पोरासाठी" खिचडी मागवायला लागले. पोरगं कुठे आहे ते हिरामणनं विचारायचं नाही असा नानांचा हुकूम होता. पण एका मास्तरांना त्यांच्याच विद्यार्थ्यांनी खिचडी खाताना पाहिलं आणि मास्तर पुन्हा आले नाहीत, तेव्हा नाना तिसऱ्यांदा माझ्याकडे आले. त्या वेळी आम्ही दोघांनी डोकं लढवून "घरच्यासारखं" असा मथळा केला. त्यानंतर खिचडी इतकी खपायला लागली की आचारी कुरकुरायला लागला.

कार्ड हातात घेऊन वाचायची नानांची एक पद्धत होती. छापलेला पहिला कागद ते प्रेसमध्ये पाहायचे नाहीत. हॉटेलात नेऊन प्रत्येक खुर्चीवर बसून पाहायचे. चष्मा काढायचे, कारण खेड्यातून आलेल्या माणसाचा चष्मा घरी खुंटीवर असतो. मग हात लांब करून, डोळे बारीक करून वाचायचे आणि अडखळले तिथे निळ्या पेन्सिलीनं खूण करायचे. कोपऱ्यातल्या टेबलाशी उजेड कमी म्हणून माझे अक्षरांचे खिळे त्यांनी मोठे करायला लावले. वेटरनं गिऱ्हाइकाच्या डोक्यावर उभं राहिलेलं त्यांना खपायचं नाही. "सरक मागे, हिरामण. असा समोर उभा राहिलास तर माणसाला भूक आठवत नाही," ते गल्ल्यावरून गरजायचे आणि गिऱ्हाईकच घाबरून काहीतरी सांगून टाकायचं.

एकदा आम्ही दोघं जळगावला गेलो. त्याचं कारण असं की नानांच्या हॉटेलासमोर, रस्त्यापलीकडे, नवं गार्डन हॉटेल उघडलं होतं, रंगीत दिवे, कारंजं आणि रेक्झिनच्या पुठ्ठ्यातलं जाडजूड कार्ड. नानांचा मुलगा अनिल हॉटेलात बसायला लागला होता, त्याचा जीव त्या कार्डावर अडकला. "बाबा, लोक आपल्याला गरीब समजतात," तो म्हणाला. नाना त्याच्याशी वाद न घालता सरळ समोर जाऊन बसले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कार्ड वाचलं, एक चहा प्यायले आणि परत आले. म्हणाले, "चांगलं आहे. ओल्या फडक्यानं पुसता येतं." तेवढंच त्यांनी त्यातून घेतलं. कागदावर प्लास्टिकचं लॅमिनेशन करणारा माझ्या ओळखीचा माणूस तेव्हा जळगावला होता, म्हणून आम्ही गेलो.

दुपारी स्टेशनजवळ भरीत खायला बसलो. तिथे कार्डच नव्हतं. वेटरनं एका दमात सगळा भटारखाना म्हणून दाखवला आणि श्वास घेतला. पलीकडच्या टेबलावर, मागच्या टेबलावर, सगळीकडे तीच आरती. नाना भरीत विसरून ऐकत बसले. पुष्कळ वेळानं म्हणाले, "प्रेसवाले, लक्षात आलं का? जो तो शेवटचा पदार्थ मागतो. बाकीचे ऐकेपर्यंत निसटून जातात." भरीत थंड झालं. परत आल्यावर हिरामणला हुकूम सुटला की तोंडानं सांगायची वेळ आली तर तीनच नावं घ्यायची, आणि आज जे सगळ्यात चांगलं झालंय ते शेवटी. "आणि चांगलं काय झालंय ते आधी स्वतः चाखून पाहा," हेही होतं. हिरामणचं पोट त्या वर्षी सुटलं.

तरीही ते साक्रीचं टेबल नानांच्या डोक्यातून जाईना. कार्ड कितीही सोपं केलं तरी ते आधी वडीलधाऱ्याच्या हातात जायचं, आणि त्यांनी सांगितलं की पुढे कोणी तोंड उघडायचं नाही. नानांनी मग प्रत्येकाला वेगळं कार्ड द्यायचं ठरवलं. मला काम मिळालं, पण टेबलावर काही फरक पडला नाही. सगळे आपापलं कार्ड वाचायचे आणि म्हणायचे, आबा सांगतील ते.

तेव्हा नानांनी कार्डाला हातही न लावता विचारण्याचा क्रम उलटा केला. हिरामणनं आधी लेकरांना विचारायचं, मग सुना-लेकींना, मग मुलांना, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला सगळ्यात शेवटी. हिरामण दर टेबलाला आधी नानांकडे पाहून घ्यायचा. पहिल्याच आठवड्यात पिंपळनेरचे एक आबा भडकले. भरघोस मिशा, हातात काठी. "माले कोन्ही इचारं नही," ते म्हणाले, आणि अख्खं हॉटेल थांबलं.

नाना गल्ल्यावरून उठले, आबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. एरवीचा आवाज खाली आणून म्हणाले, "आबा, तुमले शेवटला इचारसूत. तुम्ही आधी सांगं ते मंग आठे कोन बोली?" मोठ्यानं आधी सांगितलं तर मग इथे दुसरं कोण बोलणार, असं.

आबांनी टेबलावरून नजर फिरवली. सगळे ताटाकडे पाहत होते, ताटं अजून रिकामी होती. तेवढ्यात एक सून हळूच म्हणाली, "माले भरीत जोयजे. शेवभाजी माले आवडत नही."

"मंग इतला दिन बोलनी का नही?" आबा म्हणाले.

"इचारं कोनी?" सून म्हणाली आणि पदर सावरून बसली.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. काठी भिंतीला टेकवली आणि भरीत मागवलं, स्वतःलाही. पुढे ते धुळ्याला आले की तिथेच जेवायचे आणि हिरामणला बजावून सांगायचे, "माले शेवटला इचार." गार्डन हॉटेलात गर्दी होती, पण नानांकडेही टेबल मिळायला थांबावं लागायचं, आणि अनिलनं जाड कार्डाचा विषय सोडून दिला.

एवढं सगळं झालं, पण घरी तेच. अक्का नव्या कार्डाचं कौतुक करायची आणि कढईतलं उरलेलं खायची. अनोळखी लोकांच्या सुना बोलायला लागल्या आणि आपल्या घरची बाई मुकी, याचं नानांना फार वाईट वाटायचं. ते मला तसं स्वच्छ म्हणाले होते.

मी प्रेस विकून नाशिकला लेकाकडे जायचं ठरवलं त्या सुमाराची गोष्ट. ऑफसेट आलं होतं, माझ्या खिळ्यांचे दिवस संपले होते. नानांची शेवटची कार्डं द्यायला मी दुपारी हॉटेलात गेलो. अक्का कुठल्याशा लग्नाहून परत आली होती, पाय दुखत होते म्हणून भटारखान्यात न जाता पंख्याखालच्या टेबलाशी बसली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर तिला बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. हिरामण शिकवल्याप्रमाणे पाण्याचा ग्लास ठेवून, कार्ड ठेवून दोन पावलं मागे सरला.

"माले काय कार्ड देस?" अक्का हसली. पण तिनं ते उचललं. एका बोटानं ओळ धरून वरपासून खालपर्यंत वाचलं. नाना गल्ल्यावर बसून होते. तो गडगडाटी माणूस इतका गप्प मी कधी पाहिला नव्हता. हातातलं सुपारीचं खांड तोंडाशी नेलेलं तसंच राहिलं होतं.

अक्कानं कार्ड खाली ठेवलं. म्हणाली, "आठे मसाला डोसा नही शे का?"

हिरामणनं नानांकडे पाहिलं. अनिल म्हणाला, "आई, आपल्याकडे नसतो तो. समोर मिळतो."

"लगीन व्हवाना पहिले जळगावले भाऊनी एकदाव खावाडा व्हता," अक्का म्हणाली. लग्नाआधी भावानं खाऊ घातलेला. मग कार्ड नीट सरळ करून ठेवलं. "नसी ते ऱ्हाऊ दे. काही बी चाली."

नाना उठले. गल्ला उघडा टाकून, पायात चपला अडकवून सरळ रस्त्यावर उतरले. दोन्ही बाजूंनी ट्रक चालले होते, नाना हात वर करून मधोमध निघाले, हॉर्न वाजत राहिले. अनिल मागे धावणार होता, मी त्याला धरलं.

परत येताना त्यांच्या दोन्ही हातांत ताट होतं. गार्डन हॉटेलचा डोसा ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, सांबाराची वाटी डुचमळत होती, टोपी तिरपी झालेली. ज्या हॉटेलाशी रोजची चढाओढ, त्याचं नाव छापलेलं ताट घेऊन नाना भर दुपारी आग्रा रोड ओलांडत होते आणि पानवाला, शिंपी, रिक्षावाले सगळे उभे राहून पाहत होते. त्यांनी ते ताट अक्कापुढे ठेवलं आणि समोरच्या खुर्चीवर बसले. धाप लागली होती.

अक्कानं डोशाचा कडेचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, खाल्ला. दुसरा तुकडा मोडला. मग वाटी थोडी कलती करून पाहिली.

"चटनी पातळ शे," ती म्हणाली. "घट्ट जोयजे व्हती."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही. मी निघालो तेव्हा ते पुन्हा गल्ल्यावर बसले होते, आवाज परत आला होता, आणि आत येणाऱ्या प्रत्येक अनोळखी गिऱ्हाइकाला बसायच्या आधीच सांगत होते, "आमनी बाईले चटनी घट्ट लागस."